सर्व्हरची तब्येत स्थिर आहे

माझ्या साइटवर माणसाला चूक दिसणार नाही, असं साइटवाले छातीठोकपणे सांगत. चूक होणार नाही, असं नव्हे, दिसणार नाही. या दोन्हींत काय फरक आहे ते पुढे त्यांना चांगलंच कळलं, पण त्यांनी हे सांगितलं तेव्हा तलावाच्या कमिटीने टाळ्या वाजवल्या होत्या.

साइटवाले हे त्यांचं खरं नाव नव्हे. पोहण्याच्या तलावाची वेबसाइट त्यांनी बनवली, तेव्हापासून तिथला मॅनेजर त्यांना याच नावाने हाक मारायला लागला आणि बघता बघता ते घरीही रुळलं. मग आपण तरी वेगळं कशाला म्हणायचं.

चूक न दिसण्याची व्यवस्था मोठी नामी होती. साइटच्या पोटात काही दुखलंखुपलं, की समोरच्या माणसाला निळ्या पाण्यावर तरंगणारं एक पिवळं बदक दिसायचं. बदक हसायचं. खाली लिहिलेलं असायचं, 'काळजी करू नका. सगळं ठीक आहे. थोड्या वेळाने पुन्हा या.' नेमकं काय बिघडलं, कोणत्या ओळीत बिघडलं, कुणाच्या माहितीपाशी गाडं अडलं, हा तपशील फक्त एकाच ठिकाणी उमटायचा. ज्या संगणकावर साइट चालायची, त्या तलावावरच्या संगणकाच्या पडद्यावर. "आपली उणीदुणी चारचौघांना कशाला दाखवायची?" साइटवाल्यांनी कमिटीला समजावलं होतं. "शिवाय त्यात लोकांची खासगी माहिती असते. झाकली मूठ सव्वा लाखाची." घरी बसून त्या संगणकात शिरायची वाटही त्यांनी स्वतःच बंद करून टाकली होती, कारण जिथून आपण शिरतो तिथून चोरही शिरतो.

तर सुट्टीतल्या पोहण्याच्या वर्गाचे अर्ज त्या शनिवारी सकाळी दहाला साइटवर सुरू व्हायचे होते. नवशिक्यांचा वर्ग एकच आणि जागा वीस. साइटवाल्यांच्या मुलीला घरात सगळे मासोळी म्हणत. मासोळीने अजून पाण्यात अंगठासुद्धा बुडवला नव्हता, पण पोहायचा चष्मा डोळ्यांवर चढवून ती आठवडाभर जेवायला बसत होती. तिची जिवलग मैत्रीण त्या वर्गाला जाणार होती, आणि मासोळीला जागा मिळाली नसती तर सुट्टीभर घरात काय झालं असतं याचा विचारही कुणाला करवत नव्हता.

"दहाला मीच लॅपटॉप उघडून बसते," बायको म्हणाली.

"तू कशाला? साइट कुणाची आहे?" साइटवाले म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. मी भरतो अर्ज."

"जागा भरायलाही दोनच मिनिटं लागतील."

"बाबा, नक्की ना?" मासोळीने चष्म्यातून विचारलं.

"अगं, झालंच समज."

सासूबाई तेव्हा पोहायची पिशवी खांद्याला लावून निघाल्याच होत्या. मुलीकडे राहायला आल्यापासून त्या रोज तलावावर बायकांच्या बॅचला जात. परत येत त्या ओल्या केसांनी, आणि जेवताना श्वास कसा धरायचा, पाय कसे मारायचे हे नातीला सांगत. "तू शिकलीस ना, की आपण दोघी या काठावरून त्या काठाला जाऊ," असं त्यांनी तिला कबूल केलं होतं.

सासूबाईंची उभी हयात इस्पितळात परिचारिका म्हणून गेली होती. दाराशी ताटकळलेल्या नातेवाइकांना किती सांगायचं आणि किती पोटात ठेवायचं, याचा त्यांचा हात इतका बसला होता, की तो घरीही सुटला नव्हता. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरलं तरी स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज यायचा, "काही नाही, स्थिर आहे."

दहा वाजले. घाईचं काही कारण नव्हतं, त्यामुळे साइटवाल्यांनी आधी चहा संपवला, मग साइट उघडली. अर्जाचं बटण दाबलं.

बदक हसलं.

त्यांनी पुन्हा दाबलं. बदक पुन्हा हसलं. बायको मागे येऊन उभी राहिली.

"हे काय म्हणतंय?"

"सगळं ठीक आहे म्हणतंय."

"आणि आहे का?"

तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. एकाही माणसाचा अर्ज जात नव्हता, आणि सगळे त्याला फोन करून बदकाची चौकशी करत होते. साइटवाल्यांनी घरातून जे जे करून पाहता येईल ते केलं. जिथे जावं तिथे बदक. आपणच लावलेल्या कुलपाबाहेर आपणच उभे आहोत, हे ध्यानात आल्यावर त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली.

"तिथे त्या संगणकासमोर बसलो, की लगेच कळेल काय झालंय," ते बायकोला म्हणाले. "पाच मिनिटांत साइट सुरू. तू काही करू नकोस."

तलावावर मॅनेजर फाटकातच भेटला. ऑफिसात गेले, तर टेबलावर संगणकाच्या जागी एक कुंडी होती.

"संगणक कुठाय?"

"हलवला," मॅनेजर अभिमानाने म्हणाला. "या भिंतीला ओल आली. तुम्हीच बजावलं होतंत ना, ओलीत ठेवायचा नाही म्हणून? अख्ख्या तलावात कोरडी खोली एकच. केस वाळवायची यंत्रं तिथेच आहेत, त्यामुळे कायम ऊब असते."

"कुठली खोली?"

"बायकांची कपडे बदलायची."

बायकांची बॅच अकरापर्यंत होती. दारात स्टुलावर मावशी बसल्या होत्या. मावशींच्या मांडीवर एक टोपली होती, आत जाणाऱ्या प्रत्येकीचा फोन त्या टोपलीत जमा व्हायचा, आणि पुरुष म्हटला तर त्याची सावलीही त्या दारावर पडू द्यायच्या नाहीत.

"मी संगणकाचा माणूस आहे," साइटवाले म्हणाले.

"माणूसच ना?" मावशी म्हणाल्या. "मग बाहेर."

"मग तुम्ही आत जाऊन पडद्यावर काय लिहिलंय तेवढं वाचता का?"

"मी उठले की तुम्ही शिराल."

कोचबाई पाण्यात होत्या आणि बॅच संपेपर्यंत त्यांना पाणी सोडायची परवानगी नव्हती. साइटवाले हताश होऊन कपाळाला हात लावणार, तोच आतून सासूबाई डोकावल्या. त्यांना पाहून साइटवाल्यांना इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. त्यांनी भराभर समजावलं. आत कोपऱ्यात संगणक आहे, त्यावर अर्जाचं पान उघडायचं, बटण दाबायचं, आणि लाल अक्षरांत जे येईल ते वाचून मला येऊन सांगायचं.

सासूबाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. हात पुढे बांधून, शांत चेहऱ्याने उभ्या राहिल्या.

"काय लिहिलंय?"

"तब्येत स्थिर आहे."

"कुणाची?"

"संगणकाची. काळजीचं कारण नाही. आराम पडेल."

"आई, मला शब्दन् शब्द हवाय."

"इंग्रजीत आहे हो बरंचसं."

"तुम्ही जन्मभर इंग्रजीत केसपेपर वाचलेत."

"वाचले," सासूबाई म्हणाल्या. "पण नातेवाइकांना कधी वाचून दाखवले नाहीत."

साइटवाल्यांनी ओळखलं, की इथे सरळ विचारून उपयोग नाही, आडून आडून विचारायला हवं.

"लाल अक्षरं बरीच आहेत का?"

"थोडा लालसरपणा आहे."

"पहिल्या ओळीत काय आहे?"

"पहिल्या ओळीवर माणसाने जाऊ नये."

"बरं, यंत्र गरम झालंय का?"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "अंगाला हात लावून पाहिला. थोडी कणकण आहे."

एवढा धागा साइटवाल्यांना पुरला. यंत्र तापलंय! केस वाळवायच्या यंत्रांशेजारी ठेवल्यावर दुसरं काय होणार? एकदा वीज तोडून यंत्र गार करायचं, की काम फत्ते. ते धावत मॅनेजरकडे गेले आणि त्या खोलीचं बटण बंद करायला सांगितलं. मॅनेजरला त्या खोलीचं बटण कुठलं ते माहीत नव्हतं, म्हणून त्याने सगळ्यात मोठं होतं ते बंद केलं.

दिवे गेले. पंप थांबला. गरम पाणीही गेलं. न्हाणीत डोक्याला साबण लावून उभ्या असलेल्या बायकांनी जो काही ओरडा केला, तो ऐकून रस्त्यावरची माणसं आत बघायला आली. मावशी स्टुलावरून हलल्या नाहीत. त्यांनी फक्त टोपली घट्ट धरली.

वीज परत आल्यावर साइटवाल्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "आई, आता कसं आहे?"

"मध्ये थोडा वेळ शुद्ध हरपली होती," सासूबाई म्हणाल्या. "आता पूर्वीसारखंच."

एव्हाना फाटकाशी पालक जमायला लागले होते. बदकाने पुन्हा या म्हटलं होतं, ते प्रत्यक्षच आले होते. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येक फोनवर बदक. मॅनेजरने ते पाहिलं आणि तो कुंडीच्या मागे जाऊन बसला.

साइटवाल्यांचा फोन वाजला. पलीकडून मासोळी होती.

"बाबा, झाला का माझा अर्ज?"

"होतोय, बाळा."

"मैत्रिणीचा पण नाही झाला. तिची आई म्हणते, ज्याने ही साइट केलीय त्याला पाण्यात ढकलायला पाहिजे. मी सांगितलं नाही तू कोण आहेस ते."

पोरीने बापाची लाज झाकली, हे ऐकून साइटवाल्यांनी फोन खिशात टाकला. ते पुन्हा दारापाशी आले. टॉवेल गुंडाळलेली एक बाई ठिबकत बाहेर येत होती. "मी वाचून सांगू का?" तिने आपण होऊन विचारलं. साइटवाले हो म्हणणार, इतक्यात सासूबाईंनी तिला खांद्याला धरून वळवलं. "तुम्ही जा, तुम्हाला सर्दी होईल," असं म्हणून आत पाठवलंही. साइटवाल्यांना एक गोष्ट जरा खटकली. ती बाई नखशिखांत भिजलेली होती, आणि त्याच बॅचच्या सासूबाई मात्र कोरड्या ठणठणीत होत्या. पण फाटकाकडचा आवाज वाढत होता, म्हणून त्यांनी तो विचार झटकला.

अकरा वाजले. एकेक करून बायका घरी गेल्या. मावशींनी आत जाऊन सासूबाईंखेरीज कुणी राहिलं नाही ना हे कोपरान् कोपरा तपासून पाहिलं, साइटवाल्यांचा फोन टोपलीत टाकायला लावला आणि मगच वाट दिली. आत मात्र सासूबाई संगणकाकडे पाठ करून, दोन्ही हात मागे टेबलाला लावून उभ्या होत्या.

"सगळं वाचावं लागेल का?" त्यांनी विचारलं.

"वाचल्याशिवाय रोग कसा कळणार, आई?"

सासूबाईंनी खाली पाहिलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "पेशंट मीच आहे."

आणि त्या बाजूला झाल्या. पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, की अर्ज क्रमांक एकसाठी वयोगट सापडत नाही. खाली अर्जदाराचं नाव, सासूबाईंचं. खाली वय, सदुसष्ट. साइटवाल्यांनी ते वाचलं आणि क्षणात सगळं लक्षात आलं. कुणी नवा अर्ज उघडला, की साइट पहिल्यापासून सगळे अर्ज वयोगटांत लावायला घ्यायची. वयोगट त्यांनी सोळापर्यंतच केले होते. सोळाच्या पुढचा माणूस पोहायला शिकायला येईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यामुळे साइट दर वेळी पहिल्याच अर्जाशी अडखळायची आणि बदक पुढे करायची.

"पण तुम्ही नवशिक्यांच्या वर्गात? तुम्हाला तर पोहता येतं."

"मला पायऱ्यांवर बसता येतं," सासूबाई म्हणाल्या. "पाय पाण्यात सोडून."

"आणि ते ओले केस?"

"आत नळ आहे ना."

साइटवाले संगणकासमोर बसले.

"पोरीने एकदा विचारलं, आजी तुला पोहता येतं का? माझ्या तोंडून हो निघून गेलं. मग ते हो निभवावं लागलं. रोज वाटायचं, आज उतरू. पण सगळ्या जणी सुरसुर करत जातात, आणि आपण या वयात दांडा धरून उभं राहायचं? मोठ्यांचा वर्ग इथे नाही. म्हणून दहाच्या ठोक्याला बाहेर बाकावर बसून अर्ज भरला. तिच्यासमोर उघडी पडणार, हे कळत होतं हो. पण म्हटलं, आधी जागा तर मिळू दे." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "काढून टाका माझं नाव. तुम्हाला एका ओळीचं काम असेल. बाहेर एवढी माणसं तिष्ठतायत."

खरोखरच एका ओळीचं काम होतं. साइटवाल्यांनी हात उचलला आणि त्यांना एकदम फार वाईट वाटलं. या बाईने हजारो लोकांना धीर दिला, आणि हिला धीर द्यायला तलावावर एक नळ तेवढा होता. वर्गाच्या नियमांत 'नवशिक्यांसाठी' एवढंच लिहिलं होतं. वयाची मर्यादा त्यांनी आपल्या मनाने घातली होती. त्यांनी सोळाचा आकडा पुसला.

"शंभर करू?" त्यांनी विचारलं. "पुरेल?"

"मी शिकेपर्यंत पुरेल," सासूबाई म्हणाल्या.

साइट सुरू झाली. फाटकातून जल्लोष ऐकू आला. साइटवाले हुशार माणूस, त्यांनी उठायची घाई केली नाही. समोरच संगणक, समोरच साइट. त्यांनी तिथल्या तिथे मासोळीचा अर्ज भरला आणि ऐटीत बटण दाबलं.

'या संगणकावरून अर्ज स्वीकारले जात नाहीत,' पडद्यावर आलं.

तलावावरच्या कुणी आपल्या ओळखीच्यांना मागच्या दाराने घुसवू नये, म्हणून ही तजवीज त्यांनी स्वतःच केली होती. तीवरही कमिटीने टाळ्या वाजवल्या होत्या. साइटवाले दाराकडे धावले.

"मावशी, माझा फोन."

"कुठला?"

"काळा."

मावशींनी टोपली पुढे धरली. आत मागे राहिलेले चार फोन होते, चारही काळे.

"ओळख पटवा," मावशी म्हणाल्या.

ओळख पटेपर्यंत, फोन हातात येईपर्यंत, पान उघडेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. 'सर्व जागा भरल्या आहेत,' साइटने अगदी स्वच्छ, न अडखळता सांगितलं. सकाळपासून पहिल्यांदाच ती इतकी छान चालत होती. साइटवाले बाकावर बसले. पोरीला काय सांगायचं ते त्यांना सुचेना. शेजारी सासूबाई येऊन बसल्या. "माझी जागा तिला देता येईल का?" त्यांनी हळूच विचारलं, आणि तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अरे, होतास कुठे? कधीपासून फोन लावतेय."

"ऐक ना, मासोळीची जागा..."

"मिळाली की. साइट सुरू झाली आणि पुढच्या क्षणाला भरला मी अर्ज. सकाळपासून त्या मेल्या बदकाला टिचक्या मारत बसले होते."

"तुला म्हटलं होतं ना, तू काही करू नकोस, मी करतो?"

"म्हणून तर बसले होते," बायको म्हणाली.

त्या दिवशी सासूबाई कोरड्या केसांनी घरी आल्या. जेवायला बसल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की मला पोहता येत नाही, कधीच येत नव्हतं. मासोळीचा घास हातात राहिला.

"म्हणजे तू माझ्या वर्गात?" ती म्हणाली. "मग मी तुझ्याच शेजारी उभी राहणार. मैत्रीण पलीकडे."

बायकोला हसावं की रागवावं कळेना. "आई, मध्ये तुला त्या ओल्या केसांनी सर्दीसुद्धा झाली होती."

"सर्दी खरी होती," सासूबाई म्हणाल्या.

मॅनेजरने थोडी कुरकुर केली, पण नियमांत बसत होतं आणि कोचबाईंची हरकत नव्हती. "बुडणारा माणूस सहा वर्षांचा असो की साठ, मला मेहनत तेवढीच," असं त्यांनी सांगून टाकलं.

वर्गाच्या पहिल्या दिवशी उथळ बाजूला एकोणीस पोरं आणि एक आजी फोमच्या फळ्या घेऊन रांगेत उभी राहिली. साइटवाले टॉवेल सांभाळायला काठावर थांबले होते. मनातून ते खूश होते. बायको मासोळीची पालक म्हणून आधीच पाण्यात होती, सगळं सुरळीत चाललं होतं, आणि त्यांना वाटलं की यात आपलाही थोडा हात आहे.

कोचबाईंनी शिट्टी मारली. "पहिले काही दिवस प्रत्येक नवशिक्याचा हात त्याच्या पालकाने धरायचा. अर्ज क्रमांक एक. पालक कोण?"

सासूबाईंनी काठाकडे बोट दाखवलं.

"तो रकाना रिकामा सोडता येत नव्हता हो," त्या साइटवाल्यांना म्हणाल्या.

पालक नसेल तर अर्जच पुढे जाऊ नये, ही अट कुणी घातली होती ते सांगायला नकोच. साइटवाल्यांनी टॉवेल खाली ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. पाणी कमरेपर्यंत होतं, त्यामुळे दुमडायची मेहनत वायाच गेली. सासूबाईंनी त्यांचा हात धरला.

"जावईबापू, मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. "खूप."

"मलाही, आई," साइटवाले म्हणाले. "मला तरी कुठे पोहता येतं?"

कोचबाईंचे कान तिखट होते. त्यांनी पुन्हा शिट्टी मारली.

"अर्ज क्रमांक एकचे पालक, तुम्हीपण फळी घ्या."

फळ्या वीसच होत्या. मासोळीने आपली बाबाला दिली.